चांगल्या बाईचं काम

“भागू, हे फूल काढ आणि दुसरं घाल.”

“आत्या, शाळेला उशीर होतोय मला. आणि हे मघाशीच तर घातलंय.”

“मघाशी घातलंस ते चहाला. आता डबा भरतीयस. काढ म्हटलं की काढायचं.”

माझे दोन्ही हात कणकेत. त्यांनीच माझ्या अंबाड्यातली शेवंती उपसली आणि तिथं मोगऱ्याचा गजरा खुपसला. मग स्वतःच्या केसांतला चाफा काढून ताटलीत ठेवला आणि अबोली माळली. फ्रिजच्या वर बसवलेल्या कॅमेऱ्याचा लाल ठिपका आमच्याकडं बघत होता. मसाल्याच्या फळीवर दुसरा होता, दारावर तिसरा. पिठाच्या डब्यामागं एक आहे असा मला संशय होता, पण तो शेवटपर्यंत सापडला नाही.

मी चिडलेच होते. म्हटलं, “नटायची हौस तुम्हाला आलीय तर तुम्ही नटा. मला कशाला बैलपोळ्याच्या बैलासारखं सजवताय?”

“घाल म्हटलं ना, घाल,” आत्या म्हणाल्या आणि माझ्याकडं न बघता चहाची कपबशी उचलून निघून गेल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कोल्हापूरकडं सासूला आत्या म्हणतात, नात्यानं आत्या असो वा नसो. आणि माझ्या आत्या म्हणजे कावेरी सरनोबत. आजच्या पोरांना हे नाव सांगून उपयोग नाही, पण त्यांच्या आज्यांना विचारा. कृष्णधवल सिनेमात सुनेच्या दुधात विष कालवणारी, गरोदर पोरीला जिन्यावरून ढकलणारी, चुलीतलं लाकूड हातात घेऊन हसणारी बाई म्हणजे त्या. आधी नाटकात, मग सिनेमात, उभ्या हयातीत त्यांना दुसरं काम मिळालं नाही. एका दिग्दर्शकानं तोंडावर सांगितलं होतं, बाई, तुमच्या भुवयाच पापी आहेत.

घरात मात्र ही बाई मांजराला ओरडायची नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा भाकरी थापता येत नव्हती, तर त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांत कधी कळू दिलं नाही. पण लोक सिनेमातलंच धरून बसलेले. मंडईत भाजीवाली त्यांच्या हातात सुट्टे पैसे द्यायची नाही, पाटीवर ठेवायची. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेल्या की बायका लेकराला पदराआड घ्यायच्या. आत्या हसून सोडून द्यायच्या. हसून सोडून दिलेलं कुठं जातं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

तर त्या वर्षी एका चॅनेलनं ‘घरोघरी’ नावाचा कार्यक्रम काढला. खऱ्याखुऱ्या कुटुंबाच्या घरात कॅमेरे लावायचे, प्रत्येकाच्या पदराला नाहीतर कॉलरला माईक टोचायचा, आणि आठवडाभर जे घडेल ते रविवारी संध्याकाळी महाराष्ट्राला दाखवायचं. त्यांना जुनी खाष्ट सासू आणि नवी शिकलेली सून हवी होती. माझे यजमान रणजित म्हणाले, हे म्हणजे विकतचं श्राद्ध. मीही तेच म्हणाले. आत्या काही ऐकेनात.

“मला एकदा माझ्या तोंडानं दिसायचंय,” त्या म्हणाल्या. “उभ्या जन्मात मला पडद्यावर कुणी सैपाक करताना बघितलं न्हाई. विष कालवताना बघितलं.”

आम्ही सह्या केल्या. करार उशीएवढा जाड. शेवटचा भाग होईपर्यंत कॅमेरे काढायचे नाहीत, कार्यक्रमाविरुद्ध बाहेर एक शब्द बोलायचा नाही, बोललात तर कोर्टात भेटू. मोरी सोडली तर घरात कॅमेरा नाही अशी जागा उरली नाही, आणि माईक मोरीतही पदराला असायचाच.

पहिला रविवार झकास गेला. आत्या भाकरी थापतायत, आत्या मांजरांना दूधभात घालतायत, मी भूगोलाचे पेपर तपासतेय. बघून त्या इतक्या खूश झाल्या की सगळ्या गल्लीला पेढे वाटले.

दुसऱ्या रविवारी आमचा फ्रिज आला. म्हणजे आला नाही, तिथंच तर गोम आहे. आमचा फ्रिज जुना, सारखा घरघरायचा. मी रणजितना वैतागून म्हणाले होते, “किती दिवस सांभाळायचं हे धूड? झोप नाही की काही नाही. काढून टाकू या एकदाचं.” टीव्हीवर मी हे म्हणताना दिसले, आणि लगेच आत्या दिसल्या, पदरानं डोळे टिपणाऱ्या. त्या कांदा चिरत होत्या. कांदा दाखवला नाही, फ्रिजही दाखवला नाही. मागं बासरी तेवढी रडत होती.

दुसऱ्या दिवसापासून बायकांची रीघ लागली. निपाणीहून एक बाई नारळ आणि खण घेऊन आल्या, आत्यांची ओटी भरली, पायावर डोकं ठेवलं आणि माझ्याकडं बघत म्हणाल्या, “देवमाणूस सासू, आणि पदरात ही अवदसा.” मी त्यांना चहा दिला. साखर घातली, यातच माझं मोठेपण समजा.

मी आत्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्या “असं नसतंय हो, पोर चांगली हाय” म्हणत होत्या, पण चेहरा उजळला होता. उजळणारच. जन्मात पहिल्यांदा कुणी परकी बाई त्यांच्या जवळ येऊन बसली होती, आपलं लेकरू आपणहून त्यांच्या मांडीवर देत होती. ते मला दिसत होतं आणि तरीही राग येत होता.

शाळेत माझं काय झालं ते सांगते. मुलींच्या शाळेत मी तात्पुरती शिक्षिका होते आणि त्याच महिन्यात कायम होणार होते. मुख्याध्यापिका पोतनीस बाईंनी मला बोलावलं.

“पालक विचारतायत, सासूला घराबाहेर काढायला निघालेली बाई आमच्या मुलींना काय वळण लावणार.”

“बाई, मी फ्रिजबद्दल बोलत होते.”

“फ्रिज दिसला नाही हो कुठं.” त्यांनी चष्मा पुसला. “माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण समिती बसणार आहे महिनाअखेरीला, आणि समितीतले सगळे रविवारी टीव्ही बघतात. मी एकटी कुठवर पुरी पडू?”

घरी येऊन मी हे सगळं स्वयंपाकघरात सांगितलं. सांगताना रडले, तेही चित्रित झालं. शहाणपणा सुचला नाही, मोरीत जाऊन रडायला हवं होतं. आत्यांनी ऐकून घेतलं, डाळ निवडत राहिल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या महाद्वार रोडवरून पिशवी भरून फुलं घेऊन आल्या.

तेव्हापासून सुरू झालं हे फुलांचं खूळ. सकाळच्या चहाला एक फूल, स्वयंपाकाला दुसरं, जेवायला तिसरं, दिवेलागणीला चौथं. त्यांना वेगळं, मला वेगळं, आणि काल जे होतं ते आज त्या वेळेला नाही. मला वाटलं, झालं, बायका पाया पडायला लागल्या आणि आत्यांना आता हिरॉईन व्हायची हौस आली. माझी नोकरी चाललीय आणि ह्या गजरे निवडतायत.

कार्यक्रमाचा कर्ताधर्ता निनाद म्हणून एक तरुण होता. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण सगळे त्याला सर म्हणायचे. तो अधूनमधून यायचा, सोफ्यावर बसून आमच्या घराकडं मालकासारखा बघायचा.

“आत्या, फुलं काय दिसतात हो स्क्रीनवर,” तो एकदा म्हणाला. “एकदम घरंदाज. रोज घाला. वहिनींना पण घालत जा.”

“घालते की. तू म्हणशील तेवढी घालते.” आत्यांनी त्याच्या हातात लाडू ठेवला. “पण काय रे बाळ, आमच्या वेळी शूटिंगला एक माणूस नुसता हेच बघायला असायचा. आधीच्या शॉटला हिरव्या बांगड्या, तर नंतर लाल न्हाई चालायच्या. तुमच्यात कोण बघतंय?”

“ती कंटिन्युइटी सिनेमात, आत्या. आमचं सगळं खरं असतं. खऱ्याला कशाला लागते?”

“तेही खरंच,” आत्या म्हणाल्या आणि हसल्या. ते हसू मी कुठंतरी पाहिलं होतं. दुधाचा पेला पुढं करतानाचं होतं ते. पण त्या वेळी मी इतकी धुमसत होते की माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

तिसरा रविवार उजाडला. संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीपुढं बसलो, आणि आम्ही कसे बघतो ते टिपायला समोर कॅमेरा. म्हणजे आम्ही आम्हाला बघतोय आणि ते आम्हाला बघताना बघतायत. चॅनेलचा एक माणूस दारात उभा होता.

पडद्यावर आमचं जेवणाचं टेबल आलं. आत्या चहाचा कप हातात घेऊन बसल्यात. हळू आवाजात विचारतात, “कधी जायचं मग?”

मग मी. “वृद्धाश्रमाशी बोललेय मी. ते तयार आहेत.”

आत्या. “एवढी घाई?”

आणि मी, हसत हसत. “सोमवारी सकाळीच निघायचं.”

बासरी. आत्यांचे हात. रिकामा कप.

यातलं एकूण एक वाक्य आम्हीच बोललो होतो. आत्या गडहिंग्लजला भाचीच्या लग्नाला जायचं विचारत होत्या, रणजितना. मी फोनवर शाळेतल्या मैत्रिणीशी बोलत होते, वृद्धाश्रमात मुलींना गाणी म्हणायला न्यायचं होतं. ‘एवढी घाई’ आत्या दूधवाल्याला म्हणाल्या होत्या. आणि सोमवारी निघायचं म्हणजे कुठं, ते मला आता आठवतही नाही. वेगवेगळ्या दिवशी बोललेली ही वाक्यं त्यांनी एका टेबलावर आणून जेवायला बसवली होती.

रणजित टीव्ही बंद करायला उठले. दारातला माणूस म्हणाला, “सर, पूर्ण बघावं लागतं, करारात आहे.” रणजितनी त्याला काय सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. माझ्या डोळ्यांपुढं समितीची खोली दिसत होती.

तेवढ्यात शेजारच्या वनिताकाकी हातातलं उलथणं तसंच घेऊन आत आल्या. त्यांच्या मागं आणखी दोघीतिघी.

“भागू, मला एक सांग,” काकी म्हणाल्या. “ह्यांनी ‘कधी जायचं’ म्हटलं तेव्हा ह्यांच्या डोक्यात चाफा होता. ‘एवढी घाई’ म्हणस्तोवर अबोली कुठनं आली?”

“काय?”

“आणि तुझ्या डोक्यात आधी मोगरा, मग शेवंती. एका कप चहात किती येळा उठलासा गं दोघी?”

मागची एक म्हणाली, “मोगरा तर पार कोमेजलेला होता. म्हणजे सकाळचा. आणि शेवंती टवटवीत.”

मी आत्यांकडं बघितलं. त्या पदराचा सुटलेला धागा ओढत बसल्या होत्या.

“अगं बाई, खरंच की,” त्या म्हणाल्या. “माझ्या ध्यानातच आलं न्हाई.”

इतकं उघड खोटं वाटणारं काम त्यांनी आयुष्यात एकदाच केलं असेल. आणि मला तेव्हा सगळं लख्ख कळलं. चहाला बोललेलं वाक्य चहाचं फूल घेऊन जाणार, जेवणाला बोललेलं जेवणाचं. कुणी कुठंही कातरी चालवू दे, फूल चुगली करणार. मला सांगायची त्यांना सोय नव्हती, कारण घरातल्या भिंतींना खरोखरीचे कान होते. निनादच्या एडिटिंगच्या खोलीत सगळी पोरं. त्यांच्या लेखी केसांतलं फूल म्हणजे फूल. पण रविवारी संध्याकाळी टीव्हीपुढं कोण बसतं? एसटीत पुढच्या बाकावर बसलेल्या बाईचा गजरा कालचा की आजचा, हे मागून ओळखणाऱ्या बायका बसतात.

त्या संध्याकाळी फोन थांबेना. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात मुली ओरडल्या, “बाई, आज कुठलं फूल?” मंगळवारी दुसऱ्या एका चॅनेलनं तोच प्रसंग घेतला, आमच्या डोक्यांभोवती लाल गोल काढले आणि ‘फुलांचं रहस्य’ म्हणून दिवसभर दळण दळलं. त्यांनाही आमचं काही पडलेलं नव्हतं. शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग दाखवायला मिळाली, एवढंच.

पोतनीस बाई म्हणाल्या, “माझ्या बहिणीनं पण ओळखलं हो. पण समितीत दोन तट आहेत. काही म्हणतात, बायका हौशी, बदलली असतील फुलं, तेवढ्यानं काय होतं. आता शेवटच्या भागात तुमच्या सासूबाईंनी स्वतः सांगितलं, तर मात्र कुणाला बोलायला जागा राहणार नाही.”

शेवटचा भाग नाट्यगृहात व्हायचा होता, थेट प्रक्षेपण, समोर कोल्हापूरची माणसं.

त्याच्या आदल्या दिवशी निनाद घरी आला. आल्या आल्या त्यानं हॉलमधला कॅमेरा बंद केला. तो बंद करता येतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मी स्वयंपाकघरात होते, पण आमच्या घरात भिंत म्हणजे पडद्यापेक्षा थोडी जाड.

“आत्या, झालं गेलं विसरू या,” तो म्हणाला. “उद्या तुम्हाला विचारतील, सून असं म्हणाली का. तुम्ही एवढंच म्हणायचं, पोर तापट आहे, पण मी माफ केलंय तिला. आणि फुलांचं काय, तर आम्ही दोघी हौशी.”

“आणि?”

“आणि हे.” त्यानं काहीतरी टेबलावर ठेवलं. नंतर मी बघितलं, चित्र होतं ते. पांढरं पातळ नेसलेली, हात जोडलेली आई, चेहरा आत्यांचा. “आमची नवी मालिका. रोज संध्याकाळी, घराघरात. मुख्य भूमिका आईची आहे. चॅनेलला तुम्हीच हव्यात.”

आत्यांनी तो कागद उचलल्याचा आवाज आला.

“आई चांगली असती का?”

“देवी आहे हो.”

“शेवटपर्यंत?”

“मरतानासुद्धा आशीर्वाद देते.”

“आणि विषबिष?”

“तुम्हाला देतात, आत्या. तुम्ही नाही.”

मी ओट्याला धरून उभी होते. आत्या म्हणाल्या, “इचार करते,” आणि निनाद गेला.

मी त्यांना काही विचारलं नाही. मागून घेतलेल्या साक्षीला काय किंमत? आणि खरं सांगायचं तर विचारायची छातीही झाली नाही. रणजितना म्हटलं, “काय म्हणतील आत्या?” ते म्हणाले, “मला नाही माहीत, भागू. आयुष्यभर वाट बघितलीय तिनं.” माझी नोकरी एका पारड्यात आणि ह्या बाईचा सगळा जन्म दुसऱ्या. माझं पारडं जड आहे असं मला स्वतःलाच म्हणवेना.

नाट्यगृह खचाखच भरलं होतं. पोतनीस बाई समितीला घेऊन पुढंच बसल्या होत्या. स्टेजच्या दोन्ही बाजूंना मोठे पडदे, त्यांवर घराघरात जाणारं चित्र. चमचमता कोट घातलेल्या सूत्रसंचालकानं आमची ओळख करून दिली, आणि मग आवाज खाली आणून आत्यांना विचारलं, “आई, आज सारा महाराष्ट्र ऐकतोय. खरं सांगा. सूनबाईंनी तुम्हाला वृद्धाश्रमात जायला सांगितलं का?”

त्यानं माईक आत्यांच्या हातात दिला. विंगेत निनाद उभा होता. त्यानं त्यांच्याकडं बघून हात जोडले, चित्रातल्या आईसारखे.

“बाळा,” आत्या म्हणाल्या, “मी उभा जन्म सुना छळल्या. जाळल्या, जिन्यावरनं ढकलल्या, उपाशी ठेवल्या. सासूसुनेचं वाकडं कसं असतंय, ते माझ्याएवढं ह्या महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नसंल. तर आता ऐका. ही माझी पोर—”

माईक गेला.

दोन्ही पडद्यांवर कपड्यांच्या साबणाची जाहिरात लागली. थेट म्हणजे अगदी थेट नसतं, हे आम्हाला तिथं समजलं. मध्ये थोडी जागा ठेवलेली असते आणि त्या जागेत एक माणूस बटणावर बोट ठेवून बसलेला असतो. “जरा तांत्रिक अडचण आलीय,” सूत्रसंचालक म्हणाला. त्याचा माईक व्यवस्थित चालू होता.

आत्यांनी हातातल्या माईकवर टिचकी मारली. त्याच्याकडं बघितलं, आणि शिळी भाकरी परत करावी तसा तो सूत्रसंचालकाच्या हातात ठेवला. पदर खोचला, स्टेजच्या कडेपर्यंत चालत गेल्या आणि तिथं पाय रोवून उभ्या राहिल्या.

“मागं ऐकू येतंय का?”

मी सात-आठ हातांवर होते. माझ्या छातीत घुमला तो आवाज. शेवटच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “येतंय.”

सिनेमाच्या आधी ह्या बाईनं जत्रेतल्या उघड्या माळावर नाटकं केली होती. समोर रडणारी पोरं, बाजूला पाळणे आणि पिपाण्या, आणि माईक कुणी बघितलेला नाही. ते सगळं मला ऐकून माहीत होतं. त्या संध्याकाळी पाहिलं.

“ही पोर फ्रिजला धूड म्हणाली, मला न्हाई. वृद्धाश्रमात ती शाळेतल्या पोरींना घेऊन गाणी म्हणायला निघाली होती. मला जायचं होतं गडहिंग्लजला, भाचीच्या लग्नाला. ह्यांनी आमची तोंडं कापून एकमेकीला चिकटवली. आणि फुलं? फुलं मी बदलली. मुद्दाम बदलली, रोज. कातरी चालवली तर तुम्हा बायकांना दिसावी म्हणून.”

जाहिरात संपून दुसरी लागली होती, तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

“काल हे विंगेतलं पोरगं घरी आलं होतं. म्हणालं, तुम्हाला चांगल्या आईचं काम देतो. आता खोटं कशाला बोलू, लई वाट बघितली मी त्या कामाची. केस पिकले.” इथं त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरासा खाली आला, पण तोही शेवटपर्यंत पोचला. “पण त्यासाठी माझ्या घरच्या पोरीला वाईट बाईचं काम करायला लागतंय. ते काम कसं असतंय, ते मला इचारा. पडद्यावरचं सुटतंय, पण रस्त्यावरचं सुटत न्हाई. ते मी हिला देणार न्हाई.”

एवढं बोलून त्या नमस्कार करून मागं आल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. आधी पोतनीस बाई उठून उभ्या राहिल्या. मग समिती उठली, आणि मग सगळं नाट्यगृह. मी तेवढी आत्यांशेजारी बसून राहिले.

उरलेल्या महाराष्ट्रानं साबण बघितला. अजूनही कधी नाशिक-नगरकडं गेले तर एखादी म्हातारी मला न्याहाळून बघते आणि तोंड फिरवते. फिरवू दे. चॅनेलनं वकिलाची नोटीस पाठवली, पण स्वतःचंच हसं होतंय म्हटल्यावर पुढं काही केलं नाही. मी त्याच महिन्यात कायम झाले, आणि त्याच शाळेत आज पोतनीस बाईंच्या खुर्चीत बसते. त्या मालिकेत आईचं काम मुंबईच्या कुणा बाईंनी केलं. बरी चालली.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. आत्या होत्या तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता त्या नाहीत.

रणजित सामान आवरायला थांबले आणि आम्ही दोघी रिक्षानं निघालो. लोक खिडकीशी येऊन त्यांना शाबासकी देत होते. एक जण म्हणाला, “आत्या, चॅनेलला पण विष घातलंत की.” आत्यांनी त्याला सिनेमातलं ते हसू हसून दाखवलं आणि तो खूश होऊन गेला. मग रिक्षा गर्दीतून बाहेर पडली.

मला आभार मानता येईनात. मी म्हटलं, “आत्या, ते काम गेलं.”

“गेलं.”

थोडं पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, “पांढरं पातळ मला बरं दिसलं असतं का गं?”

“दिसलं असतं.”

“भुवया?”

“भुवयांना काही झालेलं नाही, आत्या. चांगल्या आहेत तुमच्या भुवया.”

त्यांनी मान हलवली. मग पदराचा बोळा तोंडात धरला आणि त्या रडायला लागल्या. इतके दिवस अख्ख्या महाराष्ट्राला त्यांचं रडणं दाखवत होते, पण हे मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज नाही, खांदे तेवढे हलत होते, आणि एक हात माझ्या मनगटावर घट्ट. मी त्यांना जवळ घेतलं. अशी सासू कुणाला मिळाली असेल, आणि मी तिच्यासाठी काय केलं होतं, काही नाही.

रिक्षावाल्याचे डोळे समोरच्या आरशात दिसले. तो आम्हालाच बघत होता.

“दादा,” मी म्हणाले, “तो आरसा तेवढा वळवा.”

त्यानं वळवला.